एचआयव्ही संशोधनाची सामायिक प्रयोगशाळा, आठ महिन्यांनंतर: मशीन चोख, घोडं अडतं ते ट्यूबपाशी

अमेरिकेत एचआयव्हीवर काम करणाऱ्यांना 'सीफार', म्हणजे सेंटर फॉर एड्स रिसर्च, हे नाव नवं नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या (एनआयएच) पैशांवर १९८८ पासून वेगवेगळ्या विद्यापीठांत ही केंद्रं चालतात. प्रत्येक लहान लॅबने स्वतःची बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची कडेकोट) खोली, सेल सॉर्टर (पेशी निवडून वेगळ्या करणारं मशीन) आणि ड्रॉपलेट पीसीआर (नमुना थेंबाथेंबांत वाटून डीएनए मोजणारं मशीन) उभारत बसण्यापेक्षा ते सगळं एका जागी ठेवायचं आणि चालवणारी जाणती माणसंही तिथेच बसवायची, अशी ही सोय. तिच्या एकेका विभागाला 'कोअर' म्हणतात. अशाच एका केंद्राच्या तीन कोअरचा आठ महिन्यांचा हा अनुभव. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून केंद्राचं नाव दिलेलं नाही.

सुरुवात रक्तापासून, कारण बहुतेक नासाडी तिथेच होते. पीबीएमसी, म्हणजे रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी (टी-पेशी त्यांतल्याच), वेगळ्या करायला कोअर फिकॉल हा दाट द्रव वापरतो, घनता १.०७७. रक्त पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) निम्म्यास निम्मं पातळ करून फिकॉलवर अलगद सोडायचं आणि ४०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) ३० मिनिटं फिरवायचं. सेंट्रिफ्यूज खोलीच्या तापमानाला हवा आणि ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळले जातात आणि मधला पांढुरका पट्टा धुरासारखा पसरतो; मग पिपेटने काय उचलतोय ते कळत नाही. नमुना चांगला असेल तर १ मिली रक्तातून १० ते २० लाख पेशी मिळतात.

पण रक्त काढल्यापासून फिकॉलवर चढेपर्यंत किती तास गेले, यावर खरा खेळ आहे. आठ तासांच्या आत काम झालं तर प्रश्न नाही. रात्रभर ठेवलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) उत्तेजित होतात, त्यांची घनता घटते आणि खाली बसायच्या ऐवजी त्या पीबीएमसीच्या पट्ट्यात येऊन बसतात. मोजणीत आकडा फुगलेला दिसतो, पण टी-पेशींचा प्रतिसाद मंदावलेला असतो. उशिरा आलेला नमुना कोअर नाकारत नाही, फक्त शेरा मारतो. आमच्या मते नाकारायला हवा. शेरा एक्सेलच्या शेवटच्या रकान्यात असतो आणि तिथवर कोणी जात नाही.

ट्यूबचा रंगही आधीच ठरवा. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब. हिरव्या टोपणातलं हेपारिन पीसीआर अडवतं.

गोठवण्याचं काम कोअर नीट करतो: ९० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम), १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक), कुपीमागे १ कोटी पेशी, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग एक-दोन दिवसांत द्रव नायट्रोजनच्या वाफेत. स्वतःच्या लॅबमध्ये हे करणाऱ्यांनी, ज्यात कुप्या सावकाश थंड होतात त्या आयसोप्रोपॅनॉलच्या डब्याकडे लक्ष ठेवावं. दर पाच वापरांनंतर आयसोप्रोपॅनॉल बदलावं लागतं, कारण ते पाणी ओढतं आणि थंड होण्याची गती बिघडते. कुपी वितळवताना बर्फाचा शेवटचा खडा उरला की वॉटरबाथमधून काढायची आणि कोमट मीडियम थेंबथेंब घालायचं. पेशींचे गोळे होत असतील तर मीडियममध्ये बेंझोनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाका. मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे ते होतात.

व्हायरॉलॉजी कोअरची टीझेडएम-बीएल चाचणी ही पैसे वसूल करणारी गोष्ट. सीरममधल्या अँटीबॉडी विषाणूला किती रोखतात, ते ती मोजते. टीझेडएम-बीएल या हेला (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या) पेशींच्या वंशातल्या पेशी आहेत, त्यांवर सीडी४ आणि सीसीआर५ (एचआयव्ही ज्यांना धरून आत शिरतो ती प्रथिनं) बसवलेली. विषाणू आत शिरून टॅट प्रथिन बनवू लागला की ल्युसिफरेज (प्रकाश देणारं एन्झाइम) पेटतं. ९६ खणांच्या प्लेटमध्ये सीरम १:२० पासून तिपटीने पातळ करत न्यायचं, विषाणू घालून ३७ अंशांना एक तास ठेवायचं, मग खणामागे १०,००० पेशी डीईएई-डेक्सट्रानसकट (ते विषाणूला पेशीत शिरायला मदत करतं) घालायच्या आणि ४८ तासांनी प्रकाश मोजायचा. फक्त विषाणू असलेल्या खणांच्या तुलनेत प्रकाश निम्मा होतो ते सीरमचं प्रमाण म्हणजे आयडी-५०.

इथे फसायला होतं ते औषधांमुळे. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्या व्यक्तीच्या नमुन्यात इंटिग्रेज किंवा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज रोखणारं औषध शिल्लक असतं. ते पेशीत जाऊन विषाणूला थांबवतं, टॅट बनतच नाही, आणि प्लेट सांगते की अँटीबॉडी जबरदस्त आहेत. यासाठी प्रत्येक नमुन्यासोबत एमएलव्हीचं आवरण चढवलेला विषाणू चालवतात. आतला गाभा तोच एचआयव्हीचा, पण आवरण उंदरांच्या विषाणूचं, त्यामुळे एचआयव्हीविरोधी अँटीबॉडी त्याला ओळखत नाहीत. तिथेही प्रकाश घटला तर दोष औषधाचा. मग प्रोटीन जी वापरून आयजीजी (नमुन्यातल्या अँटीबॉडी) वेगळं काढून चाचणी पुन्हा करायची. मॅराव्हिरॉक घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा कंट्रोलही चकवतो, कारण ते औषध सीसीआर५ अडवतं आणि एमएलव्हीला सीसीआर५ लागतच नाही. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर औषधांचा रकाना ऐच्छिक ठेवलाय. तो सक्तीचा का नाही, हे कोडंच आहे.

उपचारांनंतरही शरीरात दडून राहणाऱ्या विषाणूच्या साठ्याच्या मोजणीसाठी आयपीडीए ही ड्रॉपलेट पीसीआर चाचणी आहे. प्रोव्हायरसच्या (पेशीच्या डीएनएत जाऊन बसलेल्या विषाणूच्या) दोन टोकांकडचे दोन भाग एकाच थेंबात सापडले तरच तो 'अखंड' धरायचा. ९० टक्क्यांहून जास्त प्रोव्हायरस मोडके असतात, म्हणून हा खटाटोप. पाठवण्याआधी साधा हिशोब करा. १ मायक्रोग्रॅम डीएनए म्हणजे सुमारे दीड लाख पेशी. दहा लाख सीडी४ पेशींमागे २० अखंड प्रोव्हायरस असतील तर त्यात जेमतेम तीन सापडणार. तीनाचे दोन झाले म्हणून साठा घटला असं लिहिता येत नाही; डीएनए वाढवा, खण वाढवा. डीएनए काढताना व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) वर्ज्य. धागा तुटला की दोन्ही भाग वेगवेगळ्या थेंबांत जातात आणि अखंड ते मोडकं दिसतं. आरपीपी३० या मानवी जनुकावरून किती धागे तुटले ते काढून हिशोबात दुरुस्ती करतात, पण फार तुटलेल्या डीएनएला ती दुरुस्ती तारत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. मूळ आयपीडीए सबटाइप बी (एचआयव्हीचा एक उपप्रकार) डोळ्यांसमोर ठेवून बनली. भारतात प्रामुख्याने सबटाइप सी आहे. प्रायमर (विषाणूचा डीएनए शोधणारा छोटा तुकडा) नीट बसला नाही तर थेंब गप्प राहतात आणि अहवालात साठा नगण्य दिसतो. बीमध्येही काही जणांच्या विषाणूत असं होतं. सीसाठी बदललेले प्रायमर-प्रोब आले आहेत. नमुना देण्याआधी कोअरकडे ते आहेत का, हे लेखी विचारा. आमच्या कोअरच्या यादीत नुसतंच 'आयपीडीए' लिहिलं होतं.

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याचं काम, ठीक. जिवंत संसर्गित पेशी सॉर्ट करायच्या तर तुषार रोखणाऱ्या कपाटातलाच सॉर्टर लागतो आणि त्याची रांग तीन आठवड्यांची. नुसतं मोजायचं असेल तर पॅराफॉर्माल्डिहाइडने फिक्स करून साध्या मशीनवर न्या, रांग टळते.

संख्याशास्त्र कोअरकडे लोक आकडे घेऊन जातात; जायचं असतं आकड्यांच्या आधी. पहिला तास फुकट असतो. 'सहा-सहा जणांचे दोन गट पुरणार नाहीत' हे त्याच तासात कळलं तर निदान रक्त तरी वाया जात नाही.

बिलाचं गाऱ्हाणं एवढंच: फसलेल्या रनचे पैसे कोणी भरायचे, हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या ऑर्डरआधी ईमेलवर ठरवून घ्या. आणि पेपर छापताना कोअरच्या अनुदानाचा क्रमांक आभारात घालायला विसरू नका. पुढच्या नूतनीकरणात कोअरला असेच पेपर मोजून दाखवावे लागतात, आणि क्रमांक राहिला तर आठवण करून देणारी मेल दर महिन्याला येते.