फुकटातली हसरी माणसं: पाचापैकी तीन तारे

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवणं हे माझं काम. त्यात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘फोटो कुठलाही लावा हो मॅडम, माणसं हसरी असली म्हणजे झालं.’ त्यामुळे पेक्सेल्स आणि अनस्प्लॅश या फुकट फोटो देणाऱ्या दोन साइट्सवर माझा कायमचा राबता असतो. फोटो फुकट मिळतो, धंद्यासाठी वापरता येतो आणि फोटोग्राफरचं नाव देण्याची सक्ती नाही. (मी देते. बरं दिसतं.) एवढ्यावर तीन तारे खुशाल द्यावेत.

उरलेले दोन मी साइट्सचे नाही, या हसऱ्या फोटोंच्या प्रकाराचेच कापले आहेत. ‘हॅपी कस्टमर’ असं शोधा, की लॅपटॉपकडे बघून खदाखदा हसणारी बाई हजर! लॅपटॉपमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं? मला तरी त्यात थकलेली बिलंच दिसतात. म्हणून शोधताना ‘आनंदी’ हा शब्दच टाळते आणि काम लिहिते: आजी व्हिडिओ कॉलवर, सुतार माप घेताना. त्यात हसू आलंच तर ते ओघात आलेलं असतं. मग फोटोतले ओठ हाताने झाकून बघते. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, हे फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ मध्येच मांडलं होतं. ओठ झाकल्यावर डोळे कोरडे वाटले, तर फोटो बाद.

दुसरी अडचण अशी, की हा चेहरा तुमच्या एकट्याचा नसतो. २००४ मध्ये डेल आणि गेटवे या संगणकातल्या दोन स्पर्धक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच तरुणी झळकली होती, एकाच शूटमधली. फुकटच्या फोटोचं काय होत असेल, याचा अंदाज करा. आवडलेला फोटो आधी गूगल लेन्समध्ये (फोटोवरून तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणारी सोय) टाकून बघा; तीच ‘आमची टीम’ आणखी कुणाकुणाची आहे ते कळतं.

आणि परवान्याचा मजकूर वाचा, कृपा करून. फोटोतल्या माणसाने तुमच्या मालाची शिफारस केली आहे असं भासवायला पेक्सेल्सची मनाई आहे. म्हणजे ‘खूप छान सेवा!’ या अभिप्रायाशेजारी तिथला हसरा चेहरा आणि मनाने रचलेलं नाव टाकणं नियमात बसत नाही, आणि ग्राहकाला फसवणंही झालंच. अनस्प्लॅशच्या अटींनुसार फोटो वापरता येतो, पण त्यातल्या ओळखू येणाऱ्या माणसाच्या प्रतिमेचा हक्क परवान्यात येत नाही. विकतच्या साइट्सवर जाहिरातीसाठीच्या फोटोंना मॉडेलचं संमतिपत्र घेतलेलं असतं. तरी आजारपण, नैराश्य असे नाजूक विषय असतील तर तिथेही वेगळ्या अटी असतात.

हे मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या साइटच्या वेळी फार उपयोगी पडलं. त्यांना पहिल्या पानावर हसरे पेशंट हवे होते. मी दोन नमुने पुढे ठेवले. एकात पांढऱ्याशुभ्र दातांचं जोडपं, दुसऱ्यात त्या स्वतः कुणाचा तरी गुडघा धरून वाकलेल्या. खिडकीजवळ फोनने काढलेला, पेशंटची लेखी परवानगी घेतलेला. हसू फक्त पेशंटच्या चेहऱ्यावर, तेही अर्धवट, दुखत असावं. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २०१० मध्ये नजरेचा माग घेणाऱ्या चाचण्यांवरून लिहिलं होतं, की खऱ्या माणसांचे फोटो लोक निरखतात आणि नुसते सजावटीचे फोटो ओलांडून पुढे जातात. ते मी बाईंना सांगितलं, पण त्या आधीच दुसऱ्या नमुन्याकडे बघत होत्या. फुकटचं जोडपं शेवटी ‘वेळ ठरवा’ या पानावर मागे धूसर करून लावलं. तिथे ते कुणाचे पेशंट म्हणून मिरवत नाही, नुसती जागा भरतं, आणि तेवढ्यासाठी या साइट्स उत्तम आहेत.

जाता जाता: मूळ आकारातली फाइल तशीच चढवू नका, पान रखडतं. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी (फाइल हलकी करणारा फोटोचा प्रकार) करा, मग लावा.