फाईलचा क्यूआर काढून देणारं एजंट टूल : शॉपफ्लोअरवर बरेच महिने वापरल्यावर

भोसरीत आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे, सीएनसी-व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, गाड्यांचे पार्ट होतात. दिवाळीच्या आधीपासून मी एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः टूल वापरून करणाऱ्या एआयला) जोडायचं एक टूल वापरतोय, फाईल दिली की अपलोड करून लिंक बनवतं आणि त्या लिंकचा क्यूआर काढतं, काम एवढंच. जोडणी एमसीपीने (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) होते, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला तोच प्रोटोकॉल, त्यामुळे एमसीपी कळणारा कुठलाही एजंट चालतो.

आमच्याकडे खरी डोकेदुखी ड्रॉइंगच्या रिव्हिजनची. कस्टमर मेलवर रेव्ह सी पाठवतो आणि मशीनवर अजून रेव्ह बी चिकटवलेलं असतं, मग बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बदललेला कोणाच्या लक्षात येत नाही आणि अख्खा लॉट रिजेक्ट. आता मेल आली की मी एजंटला सांगतो, या ड्रॉइंगचं जॉब कार्डचं लेबल कर. तो पार्ट नंबर आणि रिव्हिजन वाचतो, टूलला फाईल देतो, क्यूआर आला की खाली साध्या अक्षरात दोन्ही छापतो. ऑपरेटर मोबाईलने स्कॅन करतो, ड्रॉइंग समोर. हा फरक फार मोठा आहे, यासाठीच मी इतकं लिहितोय.

पण घ्यायच्या आधी एक समजून घ्या, क्यूआरमध्ये फाईल नसते. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये, म्हणजे १७७ बाय १७७ चौकोनांच्या, जास्तीत जास्त २९५३ बाइट मावतात, आणि आपली साधी पीडीएफसुद्धा त्याच्या कितीतरी पट असते. आत फक्त लिंक. म्हणजे लिंक मेली की स्टिकर मेलं. आणि इथेच माझी या टूलवर सगळ्यात मोठी तक्रार आहे, लिंकची मुदत आपण काही सांगितलं नाही तर थोड्या दिवसांचीच धरली जाते, एजंट तेही विचारत नाही, आणि फिक्स्चरवर (पार्ट मशीनवर पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) लावलेलं लेबल तर वर्षानुवर्षं तिथेच राहणार. सेटिंग आहे, पण ते समोर यायला पाहिजे होतं. एजंटच्या कायमच्या सूचनांमध्ये लिहूनच ठेवा, मुदत सांगितल्याशिवाय क्यूआर काढायचा नाही.

दुसरं लिंकच्या लांबीचं. क्लाउडची सही असलेली लिंक (परवानगीचा लांबलचक कोड आतच असलेली) सहज अडीचशे अक्षरांची होते, क्यू लेव्हलला (क्यूआर किती खराब झाला तरी वाचता यावा, त्याची ही एक पायरी) तिचा क्यूआर ७३ बाय ७३ होतो. चाळीस अक्षरांची लिंक ३३ बाय ३३ मध्ये बसते. २० मिमीच्या लेबलवर भोवतीची चार-चार चौकोनांची कोरी जागा धरली तर पहिल्यात एक चौकोन जेमतेम पाव मिमीचा, दुसऱ्यात जवळपास अर्धा मिमी. आमचा थर्मल प्रिंटर २०३ डीपीआयचा, एका मिमीत आठ ठिपके, म्हणजे पाव मिमीला दोनच ठिपके मिळतात, त्यावर कूलंटचा हात लागला की संपलं. छोट्या लिंकचा पर्याय चालू केला तेव्हापासून त्याच लेबलवर स्कॅन पटकन होतं. लेव्हल क्यूच ठेवा, साधारण २५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, एच लेव्हल ३० टक्क्यांपर्यंत जाते पण चौकोन अजून बारीक होतात.

टूलचं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे उलट तपासणी. क्यूआर काढल्यावर तोच परत वाचतं, लिंक उघडून फाईल खरंच तीच आहे का बघतं आणि मगच एजंटला ओके देतं. एजंट काम झालं म्हणतो त्यावर मी एरवी विश्वास ठेवत नाही, इथे ठेवतो.

सुरक्षिततेचं बघा. स्टिकरचा फोटो ज्याच्याकडे, त्याच्याकडे फाईल. कस्टमरचं ड्रॉइंग असं बाहेर जाऊन चालत नाही, म्हणून ड्रॉइंग आम्ही ऑफिसातल्याच स्टोरेजवर ठेवतो, टूलला ती जागा दाखवता येते, लिंक शॉपच्या वायफायवरच उघडते, आणि मुदतीचा प्रश्नही तिथल्या तिथे मिटतो. क्लाउडवर फक्त टेस्ट सर्टिफिकेट जातात, कारण ती कस्टमरच्या क्यूसीला (क्वालिटी तपासणाऱ्यांना) उघडायची असतात. पार्टची लिंक तीच ठेवून आतली फाईल बदलता येते, नवीन लेबल लागत नाही, पण हा अधिकार एजंटला मोकळा देऊ नका, आमच्याकडे क्यूसीवाल्या दादांनी हो म्हटल्याशिवाय फाईल बदलत नाही.

पैशाचं म्हणाल तर अपलोड आणि जागेचे द्यावेत, नुसत्या क्यूआरमागे पैसे मागणारं टूल घेऊ नका. डेन्सोच्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने १९९४ मध्ये हा कोड आणला तो गाड्यांच्या पार्टचा माग ठेवायलाच, आणि पेटंट असूनही तो जगाला मोकळेपणाने वापरू दिला. आपल्या धंद्यासाठीच जन्मलेली गोष्ट आहे ही, मला याचं खरंच कौतुक वाटतं.

आता मला एकच गोष्ट हवी आहे, कुठलं लेबल शेवटचं कधी स्कॅन झालं ते एजंटला विचारता यावं, म्हणजे कुठल्या मशीनवर अजून जुना कागद बघून काम चाललंय ते लगेच कळेल.