पॉवरवाले सर की चिपवाल्या मॅडम?

इलेक्ट्रिकलला नवीन आलात ना, मग प्रोजेक्ट कोणाकडे करायचा हे आत्ताच बघून ठेवा. पॉवर सिस्टिमवाल्या सरांना ग्रिडचं, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याचं वेड, १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो विषय काढलात की लेक्चर संपलंच समजा, मग विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर का सांभाळायची, लोड (विजेची मागणी) आणि जनरेशनचा (वीजनिर्मितीचा) मेळ कसा तुटतो, सगळं फळ्यावर. गणित भरपूर, पण मजा येते हां.

चिपवाल्या मॅडमचं जग वेगळं. आयआयटी बॉम्बेचा अजित प्रोसेसर १८० नॅनोमीटरच्या चिप तंत्रज्ञानावर मोहालीत बनला, तसलं काम. व्हेरिलॉग (चिपचं सर्किट लिहायची भाषा), सिम्युलेशन, रात्रभर डीबगिंग. पेशन्स नसेल तर सरांकडेच जा बाबा, मीपण तेच केलं.