‘फक्त १२ किलो’ची ढकलगाडी

दोन घोडे, त्यांची दोन ठाणं आणि लिदीचा ढीग मागच्या टोकाला. मधली वाट कच्ची, शेवटी थोडा चढ. हे सगळं काम मी एकटी करते. ५०० किलोच्या आसपासचा घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो, त्यात मुताने भिजलेला भुसा मिळवला की रोज किती वजन ढकलावं लागतं याचा अंदाज येईल. मनगटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली, तेव्हा जुनी लोखंडी एकचाकी बाजूला ठेवून हलकी गाडी घ्यायचं ठरवलं. ती घेताना जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर मला थांबता आलं असतं.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं: ॲल्युमिनियमची चौकट, रिकामं वजन फक्त १२ किलो, टब २५० लिटरचा, चाक पंक्चर न होणारं, ‘खास पागेच्या कामासाठी’. फोटोत एक बाई एका हाताने भरलेली गाडी ढकलत होती. मी फोन केला. माणूस अतिशय गोड बोलला. घोडे किती, वाट कशी, हाताला काय झालंय, सगळं विचारलं. मला वाटलं, याला कामातलं कळतंय. मग म्हणाला, ‘ताई, साइटवरून घेऊ नका, त्यांचं कमिशन जातं. थेट खात्यावर पाठवा, तेवढी सूट तुम्हाला देतो.’ मी पाठवले. साइटवरून पैसे भरले असते तर निदान तिथे तक्रार तरी नोंदवता आली असती. तो रस्ता मी माझ्या हाताने बंद केला.

खोकं आलं. त्यावर कुरियरवाल्यांची चिठ्ठी होती आणि तिच्यावर वजन छापलेलं होतं: २१ किलो. ते मी वाचलंच नाही. १२ किलोची गाडी आणि ९ किलोचा पुठ्ठा असं कधी असतं का? पण मला गाडी बघायची घाई होती. खोकं फाडलं, सुटे भाग काढले, संध्याकाळपर्यंत जोडणी पूर्ण केली. आतल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत होतं की जोडणी केलेला माल परत घेतला जाणार नाही. तेही नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला मनगटात कळ आली. मला आधी माझ्या हाताचाच दोष वाटला. आठवडाभर तसंच रेटलं. मग एक दिवस न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणला. आधी शेजारचा मुलगा एकटा उभा राहिला, मग तोच गाडी उचलून धरून उभा राहिला. गाडी १९ किलो भरली. घोड्याच्या नालांच्या पेटीत लोहचुंबक होता, तो चौकटीला लावला. टक्कन चिकटला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. नाण्याने खरवडलं तर चंदेरी रंगाची पापडी निघाली आणि खाली काळं लोखंड. मग १० लिटरच्या बादलीने टबात पाणी ओतत गेले. सोळाव्या बादलीला पाणी काठावरून सांडायला लागलं. २५० लिटर कुठून आले हे विचारलं तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘ते ढीग लावून धरलेलं माप आहे.’ ढीग लावून ९० लिटर जास्त मावतात हे मी तरी कधी पाहिलेलं नाही.

पण मनगटाचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. गाडीचं रिकामं वजन कमी असलं म्हणजे हातावरचा भार कमी होतो असं नाही. भार कुठे बसतो यावर सगळं आहे. चाकाच्या आसापासून मुठीपर्यंत माझ्या गाडीचं अंतर १४० सेंटिमीटर, आणि टबाचा मध्य आसापासून ६५ सेंटिमीटर मागे. म्हणजे ६० किलो माल भरला की जवळपास २८ किलो माझ्या हातांवर. तोच टब पुढे सरकून आसापासून ४० सेंटिमीटरवर असता, तर हातांवर १७ किलोच आले असते. जाहिरातीतल्या फोटोत चाक टबाच्या पोटाखाली होतं. मला पाठवलेल्या गाडीत ते पार पुढे होतं. फोटो वेगळ्याच गाडीचा होता.

चाकाबद्दल थोडक्यात: ‘पंक्चर न होणारं’ हे शब्दशः खरं होतं, कारण त्यात हवाच नव्हती. पोकळ प्लास्टिकच्या चाकावर रबराची पातळ पट्टी. बेअरिंग नाही, नुसतं भोक. चढावर ते चिखलात रुतायचं.

चौथ्या आठवड्यात टब बोल्टच्या भोकापाशी चिरला. बोल्टखाली रुंद वॉशर नव्हते, सगळा ताण चार भोकांवर. मी ठाणाच्या दारात होते, घोडी आत. टब एका बाजूला कलला, माल सांडला, दांडे आपटले आणि घोडी बिथरून दाराकडे आली. तिचा पाय दोन दांड्यांच्या मध्ये पडता पडता राहिला. त्या क्षणी मला पैशांचं काहीच वाटलं नाही. घोडा आत असताना दारात गाडी लावायची सवय मी त्या दिवसापासून सोडली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, जास्त भरलं असेल. मग म्हणाला, मूळ खोक्यात घालून स्वखर्चाने पाठवा. खोकं मी फाडलेलं. नंतर फोन उचलणं बंद.

तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. पैसे साइटबाहेर देऊ नका. खोकं उघडायच्या आधी चिठ्ठीवरचं वजन बघा. पटलं नाही तर घेऊच नका. उघडताना व्हिडिओ काढा. जोडायच्या आधी चौकटीला चुंबक लावा. विक्रेत्याला ‘हलकी आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आस ते मूठ आणि आस ते टबाचा मध्य ही दोन अंतरं टेप लावून, फोटोसह मागा. ज्याच्याकडे गाडी खरोखर आहे त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. लिटरचं माप काठापर्यंतचं की ढिगासकट, तेही लेखी घ्या. दोन चाकांची गाडी सहज कलंडत नाही, सपाट आवारात तीच बरी. अरुंद फळीवरून ढिगावर चढवायची असेल तर मात्र एकचाकीच लागते.

काल पुन्हा तीच जाहिरात दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, वजन आता ‘फक्त ११ किलो’. फोटो तोच, तीच बाई, आणि डाव्या मुठीजवळ तोच ओरखडा.