दमट हवेतला ओझोन: सीडी घ्यावा की यूव्ही ट्यूब?

तारकर्लीचा माझा मावसभाऊ घराच्या मागे चार जणांचा हॉट टब बसवतोय. ठेकेदाराने त्याला दोन ओझोनेटरचे (टबाच्या पाण्यात ओझोन सोडून ते स्वच्छ ठेवणारं यंत्र) फोटो पाठवले, एक सीडी, दुसरा यूव्ही, दोन्ही डबे दिसायला सारखेच. "दादा, तुझ्याकडे कुठला आहे?" असं त्याने फोनवर विचारलं. माझ्याकडे दोन्ही होऊन गेलेत, त्यामुळे उत्तर लांबलं. गुहागरच्या बाजूला आमच्या होमस्टेत साधारण बाराशे लिटरचा टब आहे. पुढचं सगळं त्याच्याच जिवावर लिहितोय. मी काही प्रयोगशाळा चालवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ओझोन आला म्हणजे क्लोरीन सुटला, असं विक्रेता म्हणाला तर मान डोलवा आणि क्लोरीनचा डबा घेऊनच घरी या. ओझोन पाण्यात गेला की लगेच भिडतो आणि तितक्याच लगेच संपतो. पाणी गरम असलं तर आणखी लवकर. पाहुणा टबात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावरचं जे पाण्यात येतं, त्याला तोंड द्यायला पाण्यात काहीतरी शिल्लक लागतं आणि ते शिल्लक म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) हॉट टबासाठी क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ सांगितलाय. मी ओझोन असतानाही तेच धरून चालतो. फरक पडला तो क्लोरीनच्या डब्यात. पूर्वी महिन्यात संपायचा, आता दीड-दोन महिने पुरतो. शिवाय झाकण उघडल्यावर डोळ्यांत जाणारा तो उग्र वास गेला.

आता मूळ प्रश्न. सीडी म्हणजे कोरोना डिस्चार्ज. यात उच्च दाबाच्या विजेतून हवा जाते आणि ओझोन बनतो. दुसऱ्या प्रकारात यूव्ही, म्हणजे अतिनील, ट्यूबच्या उजेडाने तेच काम होतं. फिल्टरमधली पिण्याच्या पाण्याची यूव्ही ट्यूब वेगळी. ती जंतू मारते, ओझोन बनवत नाही. आमच्या इथल्या दुकानदाराने मला आधी तीच दाखवली होती.

माझा पहिला सीडी. घेतला तो दिवाळीनंतर आणि मार्चपर्यंत मी भेटेल त्याला त्याचं कौतुक ऐकवत होतो. पाणी काचेसारखं. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, टब नव्याने भरला की पहिले काही तास ते चहाच्या रंगाचं व्हायचं (ओझोन विरघळलेल्या लोहाचा गंज करतो), मग फिल्टर सगळं ओढून घ्यायचा. मे महिन्यात हवा जड व्हायला लागली तरी मला शंका आली नाही.

जूनच्या शेवटी आली. सीडीला कोरडी हवा लागते. दमट हवा मिळाली की ओझोन घटतो, आणि हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड ओलाव्यात मिसळून नायट्रिक आम्ल तयार होतं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. आमच्या टबाखाली ते असं दिसलं: ओझोनची नळी पिवळी पडून कडक झाली, वाकवली तर मोडेल अशी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची, म्हणजे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतो त्याची, स्प्रिंग खाऊन गेली. इथपर्यंत चाललं असतं. पण कोकणात पावसात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. पंप चालू असेपर्यंत व्हेंच्युरी (पाइपातला अरुंद भाग, वाहत्या पाण्याच्या जोराने हवा खेचणारा) हवा आत ओढते. पंप थांबला की पाणी त्याच नळीने मागे फिरायला बघतं. त्याला अडवणारा एवढा एकच व्हॉल्व्ह, आणि तोच गेलेला. ओझोनेटर टबाच्या पाण्याच्या पातळीखाली बसवलेला, त्यामुळे पाणी सरळ डब्यात उतरलं. रात्री लाइट आली, फट् असा आवाज झाला आणि ओझोन बनवणारी चिप गेली.

नवी चिप घातली, नवा एनआरव्ही घातला, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून हवेच्या वाटेवर सिलिका जेलची बाटली लावली. दाणे निळे असतात, ओलावा प्यायले की गुलाबी होतात. ऑक्टोबरनंतर ही बाटली महिनाभर निळी राहते, फार छान. श्रावणात मात्र मी सकाळी भरायचो आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी गुलाबी. मग ते भाजून पुन्हा निळे करायचे. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यामुळे स्वयंपाकाच्या कढईत भाजायचे नाहीत. आईने तर मागीलदारी वेगळी चूल आणि वेगळी कढई देऊनही "हे काय रवा भाजल्यासारखं करतोस" म्हणून तोंड वाकडं केलंच. पाहुणे आलेले, नाश्त्याला घावन चाललेत, आणि मी मागे बसून दाणे परततोय. एक पावसाळा केलं. दुसऱ्यांदा हिंमत नव्हती.

म्हणून यूव्ही ट्यूब. हा ओझोन कमी बनवतो, हे खरं, आणि दमटपणात थोडा आणखी कमी. पण त्या उजेडात हवेतला नायट्रोजन फुटत नाही, म्हणून आम्लाची कटकट नाही. दोन पावसाळे झाले, नळी अजून मऊ आहे. मला एवढंच हवं होतं.

त्याचे नखरेही आहेत. ट्यूब निळी दिसते म्हणजे चालू आहे, असं समजू नका. ओझोन बनवणारा उजेड आधी विझतो, दिसणारा नंतर. म्हणून मी ट्यूब लावली ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहितो आणि वर्षाने बदलतो, नजरेवर भरवसा नाही. आत पारा असतो, तेव्हा फुटू द्यायची नाही. शनिवार-रविवार आठ-दहा माणसं टबात बसून गेली की सोमवारी पाणी जरा धूसर दिसतं. सीडी असताना असं झालं नव्हतं. मग रात्री क्लोरीनचा जादा डोस आणि पंप जास्त तास. वीजबिलात ते दिसतं.

ओझोनच नको, नुसता क्लोरीन पुरे, असं म्हणणाराही चुकत नाही. घरच्यांपुरता टब असेल तर मी तेच करेन. फक्त विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) त्यात टाकू नका, तिचा चुना फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये बसतो.

आणि कुठलाही घेतलात तरी दोन कामं. ओझोनेटर पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर टांगा आणि नळीला वर एक वळसा द्या. एनआरव्ही दर वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांबरोबर बदला, बिघडला असो वा नसो. ओझोन हवेपेक्षा जड असतो, झाकणाखाली साठतो. पाहुणे उतरायच्या आधी झाकण काढून थोडा वेळ तसंच राहू द्या. वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास आला, तर अजून थांबा.

मावसभावाला मी यूव्ही सांगितला. पण घाटावर कोणी विचारलं तर कदाचित उलट सांगेन. माझा जुना सीडी नवी चिप घालून पुण्याच्या मेहुण्याच्या गच्चीवर गेलाय. तिथे दोन पावसाळे झाले, अजून त्याचा फोन आलेला नाही.