मेनरोडवरचे लोकरीचे दुकान आणि माझ्या सुयांवरची चार कामे

नाशिकमध्ये लोकर घ्यायची म्हटली की पावले मेनरोडकडेच वळतात. रविवार कारंजापाशी रिक्षा सोडून गर्दीतून चालत या दुकानात मी गेली सहा वर्षे येत आहे. यंदाच्या थंडीसाठी हाती घेतलेल्या आणि पुढे करायच्या चारही कामांचा सल्ला येथेच घेतला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

दुकान अरुंद आहे. तीन गिऱ्हाइके आली की चौथ्याला पायरीवर थांबावे लागते, आणि दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात संध्याकाळी जाण्यात काही अर्थ नसतो. मात्र गल्ल्यामागे बसणारे काका लोकर दाखवण्याआधी "ताई, काय विणताय आणि कोणासाठी?" असे विचारतात, आणि उत्तर ऐकल्याशिवाय एकही गुंडा खाली काढत नाहीत. या एका सवयीमुळे माझी किती लोकर आणि किती रात्री वाचल्या आहेत, ते मलाच ठाऊक.

सध्या सुयांवर आहे तो वडिलांचा बिनबाह्यांचा स्वेटर. त्याचा नमुना मी इंटरनेटवरून घेतला होता आणि त्यात ६ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, म्हणून मी येथे येऊन ६ नंबरच्या सुया मागितल्या. काकांनी नमुना कुठला आहे ते विचारले, मोबाइलवर पाहिला आणि खणातून सुया मोजायची भोकांची पट्टी काढली. आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश नंबर चालतात, ज्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांचे नेमके उलटे असते. नमुन्यातली अमेरिकन ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, म्हणजे आपली ८ नंबरची, तर आपली ६ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. घरी येऊन मी दोन्ही सुयांवर एकाच लोकरीचे तुकडे विणून पाहिले, तेव्हा ८ नंबरवर १० सेंटीमीटरला २२ टाके बसले आणि ६ नंबरवर १८. छातीचा घेर १०० सेंटीमीटर धरून पुढच्या आणि मागच्या भागाचे मिळून २२० टाके घातले असते, तर जाड सुयांवर तो स्वेटर १२२ सेंटीमीटरचा झाला असता, आणि ते मला बहुधा मुंढ्यापर्यंत पोहोचल्यावर समजले असते.

याच स्वेटरच्या राखाडी रंगाची गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी यजमानांच्या मफलरसाठी लोकर मागवली होती. दोन गुंडे कमी पडले म्हणून पुन्हा त्याच नावाचा रंग मागवला आणि विणून झाल्यावर दिवसाच्या उजेडात मफलरवर सरळ पट्टा दिसू लागला. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक असतो, आणि रंग तोच असला तरी रंगवण्याचा घाणा बदलला की छटा बदलते. शेवटच्या वीतभर उंचीचे सगळे टाके मला उसवावे लागले. या दुकानात काका प्रत्येक गुंड्याचा लॉट जुळवून पाहतात, नंतर एकेक धागा घेऊन दाराशी उन्हात धरतात, आणि अंदाजापेक्षा एक गुंडा जास्त घ्यायला लावून न वापरलेला, वेष्टन न काढलेला गुंडा महिन्याभरात परत घेतात. वडिलांच्या स्वेटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लोकर लागेल असे दिसते. मी चारशे ग्रॅम घेऊन निर्धास्त आहे.

दुसरे काम भाचीच्या बाळाचे: झबले, टोपडे आणि मोजे. त्यासाठी येथे मऊ बेबी ॲक्रिलिकचे, म्हणजे लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याचे, भरपूर रंग आहेत, लुधियानाच्या वर्धमान कंपनीचेही आहेत, आणि किंमत छापील किमतीपेक्षा थोडी कमीच लावतात. बाळाच्या कपड्यांना ॲक्रिलिकच बरे, कारण ते रोज धुता येते आणि आवळत नाही. काकांनी फक्त एवढे बजावले की टोपड्याला लोकरीचे गोंडे आणि बंद लावू नयेत. मोजे मी १० नंबरच्या सुयांवर विणत आहे आणि घोट्यापाशी १ सुलट, १ उलट अशी किनार ठेवली आहे, म्हणजे नाडीवाचून ते पायात राहतात.

आता दुकानाची उणीव सांगते. माझ्या बहिणीची निफाडला द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या थंडीत पारा उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि बहिणीचे यजमान त्या धगीत तासन् तास उभे असतात. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायचे मनात आहे, हे तिसरे काम. मी 'वुल' असे छापलेला एक सुंदर तपकिरी गुंडा निवडला, तर काकांनी त्यातला बोटभर धागा तोडला, पायरीवर उभे राहून चिमट्यात धरला आणि काडी ओढली. धागा वितळला, त्याचा काळा मणी झाला आणि थंड झाल्यावर तो टणक लागला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. ठिणगी उडाली तर ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटेल, तेव्हा आगीपाशी वावरणाऱ्या माणसाला हा माल मी देणार नाही, असे सांगून त्यांनी तो गुंडा परत फळीवर ठेवला. हातची विक्री सोडून खरे सांगणारा दुकानदार म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, पण शुद्ध लोकर येथे मिळत नाही ही गोष्टही तितकीच खरी आहे. नाशिकसारख्या, थंडी असलेल्या शहरातल्या या दुकानाने निदान दोन-तीन रंगांत मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, ठेवावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. ती गरम पाण्यात आवळते आणि तिला कसर लागते म्हणून गिऱ्हाईक घेत नाही, असे ते म्हणतात; पण हे दोन्ही दोष सांभाळून वापरणारी माणसेही आहेत. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम असली तरी फार भरड असते आणि गळ्याशी टोचते, त्यामुळे स्वेटरला ती चालणार नाही. तूर्त मेरिनो मला बाहेरगावाहून मागवावी लागेल, आणि ते काम पुढच्या थंडीवर गेले आहे.

वायरने जोडलेल्या सर्क्युलर सुयाही येथे मोजक्याच आहेत. गळ्यापासून खाली, बिनशिवणीचा स्वेटर विणणाऱ्यांची त्यामुळे गैरसोय होते. सरळ सुया, क्रोशाच्या सुया आणि बटणे यांना मात्र तोटा नाही.

चौथे काम आईच्या सुती शालीचे. तिला लोकर सोसत नाही, म्हणून जाळीच्या नमुन्यात, हलक्या मोतिया रंगाच्या सुती धाग्याची शाल विणायची आहे. सूत लोकरीसारखे ताणून परत येत नाही, त्यामुळे टाके घट्ट घालून आधी तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजा, असे काकांनी सांगितले आहे. एकाच लॉटचे आठ गुंडे त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी टाचून वरच्या फळीवर बाजूला ठेवले आहेत, आणि तुकडा धुऊन झाल्यावर येत्या गुरुवारी मी ते आणायला जाणार आहे.