सायबरची वेगळी पदवी की साधं कॉम्प्युटर सायन्स? पुण्यात दोन्ही वर्गांत बसलेल्याचा अनुभव

सिक्युरिटीतच काम करायचं हे ज्यांचं पक्कं ठरलंय आणि पुण्यात प्रवेश कुठल्या कोर्सला घ्यायचा इथेच गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फायरवॉल कशाला असते, सीईएच आणि ओएससीपी या सर्टिफिकेट परीक्षांत फरक काय, सॉकमध्ये, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, नेमकं काय काम चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. फी आणि विषयांच्या याद्या साइटवर मिळतात, त्यात शिरत नाही.

मी दोन्हीकडे शिकलोय. नगर जिल्ह्यातल्या कॉलेजातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून २०१८च्या जुलैत पुण्यात आलो आणि सायबर सिक्युरिटीच्या वेगळ्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. एक सेमिस्टर केलं आणि सोडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत साध्या एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला बसलो आणि ती पूर्ण केली. २०२१पासून खराडीत एका कंपनीच्या ॲप्लिकेशन सिक्युरिटी टीममध्ये आहे. म्हणजे माझं मत दोन वर्गांवरून बनलंय, सगळ्या पुण्यावरून नाही. तुमच्या नजरेत असलेल्या कॉलेजात चित्र वेगळं असू शकतं.

आधी वेगळ्या कोर्सची बाजू सांगतो, कारण ती लंगडी अजिबात नाही. पहिल्या दिवसापासून वर्गातली सगळी मुलं एकाच वेडानं आलेली असतात. मेसमध्ये जेवताना सीटीएफ म्हणजे हॅकिंगच्या स्पर्धांतल्या कोड्यांवर वाद घालणारे मित्र मला तिथेच मिळाले, आणि त्यातले तिघे आजही रोजच्या संपर्कात आहेत. फॉरेन्सिक्स शिकवणारे सर तर फार चांगले होते. जप्त केलेली हार्ड डिस्क थेट जोडायची नाही, मध्ये तिच्यावर काही लिहू न देणारा राइट ब्लॉकर लावायचा, आधी हॅश, म्हणजे डेटाचा ठसा, काढून पंचनाम्यात नोंदवायचा, पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला ती साखळी कुठे तुटू द्यायची नाही. हे त्यांनी एक जुनी पेनड्राइव्ह घेऊन पाकिटात सील करण्यापर्यंत करून दाखवलं. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालण्यासाठी तेव्हा पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. साध्या कॉम्प्युटर सायन्समध्ये यातलं एक अक्षर कोणी शिकवलं नाही. पोलिस तपास, बँकांचं ऑडिट, कंप्लायन्स या वाटेनं जायचं असेल तर वेगळी पदवी सरस आहे, यात मला शंका नाही.

पहिल्या नोकरीतही तिचा उपयोग होतो. सॉकमधल्या एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, जागांसाठी अर्ज चाळताना पदवीच्या नावातच सिक्युरिटी दिसली की पुढची फेरी सोपी जाते, असं माझ्या तेव्हाच्या वर्गमित्रांच्या बाबतीत तरी झालं.

मग मी सोडलं का? एका गोष्टीपायी. ती वरवर किरकोळ वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅबमध्ये उबुंटूची मशीन होती आणि सगळ्यांना मिळून एकच ‘स्टुडंट’ नावाचं लॉगिन. रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार कोणालाच नव्हते. तिसरं की चौथं प्रॅक्टिकल एनमॅपचं होतं, म्हणजे समोरच्या मशीनची कोणती पोर्ट उघडी आहेत ते शोधणाऱ्या टूलचं. मॅन्युअलमध्ये कमांड छापलेली होती, सिन स्कॅन करायचा, म्हणजे कनेक्शनची पहिली हाक (सिन) पाठवून उत्तर काय येतं ते बघायचं. मी ती टाइप केली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या: या प्रकारच्या स्कॅनला रूटचे अधिकार लागतात, आणि खाली मोठ्या अक्षरांत, बंद करत आहे. शेजारच्या मशीनवरही तेच, मागच्या रांगेतही तेच. लॅब असिस्टंट म्हणाले, मागच्या बॅचची फाईल कपाटात आहे, तिच्यातलं आउटपुट उतरवून घ्या. चोवीस मुलांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं.

मी विभागप्रमुखांना अर्ज दिला. निदान मशीनच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तरी आम्हाला रूट द्या, नेटवर्क वेगळं काढा, एवढंच मागितलं होतं. उत्तर यायला तीन आठवडे लागले: कॉलेजच्या धोरणात बसत नाही. त्यांची भीती मला कळते. पोरांच्या हाती रूट दिला आणि कोणी ऑफिसचा सर्व्हर स्कॅन केला, तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. आयटी ॲक्टची कलमं ४३ आणि ६६ आम्हाला तिथेच शिकवलेली होती. पण सर्जरीच्या वर्गात सुरीच कपाटात कुलूपबंद ठेवल्यासारखं ते झालं होतं. पुढची सगळी प्रॅक्टिकल्स अशीच गेली. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कला इंटरफेस दिसायचा नाही. एआरपी स्पूफिंग, म्हणजे नेटवर्कवर दुसऱ्या मशीनचं सोंग घेणं, फक्त आकृतीत झालं. फाईलवर मात्र दर आठवड्याला तारखेसह सही होत होती.

सेमच्या शेवटी ओरलला एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं, सिन स्कॅनला हाफ-ओपन का म्हणतात? कनेक्शन पूर्ण होत नाही म्हणून, असं मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी पुढे विचारलं, मग ते अर्धवट तोडतं कोण? मला येईना. मार्क त्यांनी दिले, पण त्या प्रश्नानं डोकं धरलं.

कर्वेनगरच्या खोलीवर परत आलो आणि स्वतःच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभी केली. एका मशीनवर रूटनं स्कॅन लावला, मध्ये वायरशार्क. तीन ओळी दिसल्या: इकडून सिन गेलं, तिकडून सिन-ॲक (होकार) आलं, इकडून लगेच रीसेट (कनेक्शन तोडण्याचा संदेश) गेलं. आता तो रीसेट एनमॅपनं पाठवला असं वाटतं ना? तो पाठवतो आपल्याच मशीनचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. एनमॅपनं सिनचं पॅकेट रॉ सॉकेटमधून स्वतःच्या हातानं बनवून सोडलेलं असतं, कर्नलला न विचारता. समोरून उत्तर येतं तेव्हा कर्नलच्या वहीत अशा कुठल्या कनेक्शनची नोंदच नसते, म्हणून तो ते झटकून टाकतो. आणि रॉ सॉकेट उघडायला खास अधिकार लागतात, म्हणून रूट हवा. ज्या दोन ओळींपुढे आमचं प्रॅक्टिकल थांबलं होतं, त्याच दोन ओळींत मॅडमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. हे समजायला मला दोन रात्री लागल्या, आणि दोन्ही रात्री मी वाचत होतो ते ऑपरेटिंग सिस्टिमचं. सिक्युरिटीच्या नोट्स उघडाव्याच लागल्या नाहीत.

मग साधं कॉम्प्युटर सायन्स. तिथल्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला व्हर्च्युअल मशीनची इमेज मिळाली आणि सर म्हणाले, आत रूट तुम्हीच आहात, मोडलं तर स्नॅपशॉटवरून परत आणा. मी ती सेमभरात सहा-सात वेळा मोडली असेल. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा गावी परतलो, तरी सगळी लॅब लॅपटॉपमध्ये होती. एकही प्रॅक्टिकल बुडलं नाही.

सिक्युरिटीचं नाव न घेता तिथे किती सिक्युरिटी शिकायला मिळाली, त्याचं एक उदाहरण देतो. फंक्शन कॉल झाला की स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेवर) काय काय रचलं जातं, हे सरांनी फळ्यावर काढलं. मग सीमधला दहा ओळींचा प्रोग्रॅम, चौसष्ट बाइटचा ॲरे, लांबी न तपासता वाचलेलं इनपुट. अशी गडबड पकडणारा स्टॅक प्रोटेक्टर बंद करून बत्तीस बिटमध्ये कंपाइल केला आणि शंभर वेळा कॅपिटल ए दिला. प्रोग्रॅम कोसळला. जीडीबी या डीबगरमध्ये इन्स्ट्रक्शन पॉइंटर पाहिला तर ४१४१४१४१. कॅपिटल एचा हेक्स कोड ४१. पुढे कुठे जायचं तो पत्ताच माझ्या इनपुटनं पुसून टाकला होता. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक वाट हीच: फिंगर या युजरची माहिती देणाऱ्या सेवेच्या सर्व्हरमधलं लांबी न तपासणारं वाचन. वेगळ्या कोर्समध्ये हे बफर ओव्हरफ्लो नावाच्या दोन स्लाइडमध्ये आटोपलं होतं.

कॉसमॉस बँकेचंही तसंच. ऑगस्ट २०१८मध्ये गणेशखिंड रस्त्यावरच्या या बँकेवर सायबर हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. आम्ही नुकतेच सायबरच्या वर्गात बसलो होतो. सगळ्या पुण्यात हीच चर्चा. वर्गातही झाली: तारखा, आकडे, देश. वर्षभरानंतर नेटवर्क्सच्या तासाला दुसऱ्या संस्थेत सरांनी तोच प्रसंग घेतला, पण सुरुवात प्रश्नानं केली. एटीएमला ‘पैसे दे’ असं सांगतं कोण? मग कार्डाच्या व्यवहाराचा आयएसओ ८५८३ प्रकारचा संदेश कुठून निघतो, व्यवहार पुढे पाठवणाऱ्या स्विचवर कसा येतो, स्विच तो खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला कसा विचारतो, हे सगळं फळ्यावर आलं. आता मध्ये एक बनावट स्विच बसवला आणि त्यानं कोअर बँकिंगला न विचारताच होकार द्यायला सुरुवात केली तर? खात्यात शिल्लक आहे की नाही हे बघणारं कोणी उरतच नाही. त्या तासाला मला तो हल्ला कळला.

साध्या कोर्सचे तोटे मोजायचे तर तेही बरेच आहेत. सिक्युरिटीची इलेक्टिव्ह तिसऱ्या सेमला आली, तोवर थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलरमध्ये जीव काढावा लागला. वेब सिक्युरिटी कोणी शिकवलीच नाही. पोर्टस्विगरची मोफत अकॅडमी आणि ओव्हरदवायरची कोडी यांवर ती मी रात्री स्वतः केली. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या डेव्हलपर शोधत होत्या. तुमचा स्वभाव स्वतः खोदत बसण्याचा नसेल, तर दोन वर्षांनी तुम्ही चांगले प्रोग्रॅमर व्हाल, सिक्युरिटीवाले होणार नाही. हा धोका खरा आहे.

पुण्यात आणखी वाटा आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा, डीआयटीआयएसएस, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळतो आणि लिनक्स, नेटवर्क, सिक्युरिटी रगडून घेतो. पदवी हातात असेल आणि लवकर कामाला लागायचं असेल तर चांगला. खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआयएटी या संरक्षण खात्याच्या संस्थेत सायबर सिक्युरिटीचं एम.टेक. आहे, गेटची तयारी करणाऱ्यांनी तिकडे जरूर बघावं. इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटरची पदवी घेता घेता अठरा-वीस जादा क्रेडिटचं सायबर सिक्युरिटी ऑनर्स जोडता येतं, आणि बारावीनंतर निर्णय घेणाऱ्यांसाठी मला हीच तडजोड सर्वांत पटते.

माझ्या भाचीनं यंदा हेच विचारलं. “मामा, पहिल्यापासून सायबरच घेतलं तर वेळ नाही का वाचणार?” मी तिला डिसेंबर २०२१ची गोष्ट सांगितली. लॉगफोरशेल, म्हणजे लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भगदाड, उघडकीला आलं, कंपनीत सगळे जागे. आमच्या कोणत्या सर्व्हिसच्या कोणत्या जार फाईलच्या पोटात ती लायब्ररी दडलीय, हे शोधायचं होतं. टीममध्ये सायबरची पदवी घेतलेला एक सहकारी होता. कोणते लॉग आधी बाजूला काढून जपायचे, हे सगळ्यांत आधी त्याला सुचलं आणि ते महत्त्वाचं ठरलं. पण मेव्हनची डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुठून आत येते ते दाखवणारी यादी) वाचायला, बिल्ड बदलायला, पॅच खरंच लागला की नाही हे पाहायला तो माझ्या शेजारी येऊन बसला. फॉरेन्सिक्स मी नंतर त्याच्याकडून थोडं थोडं शिकलो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर नोकरी करता करता शिकायला फार जड जातंय, असं तो स्वतःच म्हणतो.

भाचीनं अजून ठरवलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय की कॉलेज बघायला जाशील तेव्हा माहितीपत्रक राहू दे, लॅबचं दार गाठ. तिथल्या एखाद्या सेकंड इयरच्या मुलाला विचार, तुमच्या मशीनवर तुम्हाला रूट मिळतो का, निदान व्हर्च्युअल मशीनमध्ये तरी? मिळत असेल तर सायबरची वेगळी पदवीही बिनधास्त घे. आणि हे ओरिजिनल कागदपत्रं जमा करण्याआधी विचार. माझा दाखला परत मिळायला दोन महिने लागले होते, आणि भरलेली फी गेली ती गेलीच.